स्विस यांत्रिक घड्याळांची विश्वसनीयता व दुरुस्तीखर्च

स्विस यांत्रिक घड्याळे ही कमानीच्या ताणावर, विजेच्या घटाशिवाय चालणारी मनगटी घड्याळे असून त्यांतील महागड्या घड्याळांची किंमत काही हजार स्विस फ्रँकपासून काही लाख फ्रँकपर्यंत असते. अशा घड्याळाची विश्वसनीयता दोन गोष्टींवरून ठरते. ते दररोज किती सेकंद पुढे वा मागे जाते ही पहिली गोष्ट आणि न उघडता किती वर्षे सुरळीत चालते ही दुसरी. घड्याळाची किंमत आणि त्याची विश्वसनीयता यांचे प्रमाण सरळ नाही. उलट, किंमत जसजशी वाढते तसतसा दुरुस्तीचा खर्च मात्र हमखास वाढतो. हा खर्च ठरण्यात यंत्राच्या गुंतागुंतीइतकाच सुटे भाग कोणाला मिळतात या प्रश्नाचाही वाटा असतो आणि या प्रश्नावर युरोपात न्यायालयीन वाद झालेले आहेत.

रचना व झीज

यांत्रिक घड्याळात मुख्य कमान गुंडाळली की तिच्यात साठलेली शक्ती दातेरी चक्रांच्या मालिकेतून पुढे जाते. ही शक्ती एकदम मोकळी होऊ नये, थेंबाथेंबाने सुटावी, म्हणून शेवटी एस्केपमेंट ही रोध-यंत्रणा असते. आज जवळजवळ सर्वत्र वापरली जाणारी तरफेची एस्केपमेंट इंग्लिश घड्याळजी टॉमस मज याने इ.स. १७५५च्या सुमारास योजली. तिच्या पुढे बॅलन्स चक्र व त्यावरील केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग असते. लंबकाच्या घड्याळात लंबकाचे जे काम, तेच मनगटी घड्याळात ही जोडी करते. चावी रोज हाताने द्यावी लागू नये म्हणून बहुतेक आधुनिक घड्याळांत मनगटाच्या हालचालीने फिरणारे वजन कमान गुंडाळते. अशा घड्याळांना स्वयंचलित घड्याळे म्हणतात.

सध्याच्या बहुतेक घड्याळांत बॅलन्स चक्र तासाला २८,८०० झोके घेते, म्हणजे सेकंदाला आठ. दिवसाचे झोके ६,९१,२०० आणि वर्षाचे पंचवीस कोटींहून अधिक भरतात. इतक्या सातत्याने चालणारी दुसरी यंत्रे घरात फारशी नसतात. मोटारगाडीचे इंजिनही दिवसाचे बरेच तास बंद असते. चक्रांच्या आसांची टोके केसाच्या जाडीशी स्पर्धा करणारी असतात आणि ती कृत्रिम माणकांच्या छिद्रांत फिरतात. माणकांना छिद्र पाडून धारवा म्हणून वापरण्याचे एकस्व निकोला फासिओ द दुईये याने भागीदारांसह लंडनमध्ये इ.स. १७०४ मध्ये मिळवले होते. माणिक झिजत नाही म्हणावे इतके कठीण असते, पण पोलादी आसाला तेल लागतेच.

विश्वसनीयतेचे मर्म या तेलात आहे. घड्याळात तेलाचा एकच प्रकार चालत नाही. वेगाने फिरणाऱ्या बारीक आसांना पातळ तेल, जोराचा दाब सोसणाऱ्या भागांना घट्ट तेल आणि काही ठिकाणी ग्रीस अशी वाटणी असते. प्रत्येक ठिकाणचे प्रमाण सुईच्या टोकाएवढेच असते. कमी पडले तर भाग झिजतात, जास्त झाले तर तेल पसरून नको तेथे जाते. काही वर्षांत तेल सुकते अथवा जागेवरून सरकते. गंमत अशी की तेल सुकलेले घड्याळ लगेच बंद पडत नाही. ते चालत राहते, वेळही बरी दाखवते आणि आतून मात्र आसांची टोके खरवडली जात असतात. घड्याळ चालते आहे तोवर उघडायचे नाही ही समजूत सर्वत्र आढळते. यांत्रिक घड्याळाच्या बाबतीत ती महागात पडते, कारण तेलपाण्याच्या खर्चात झिजलेल्या चक्रांचा खर्च मिळवावा लागतो.

अचूकता आणि विश्वसनीयता

या दोन संज्ञांची गल्लत वारंवार होते. स्वित्झर्लंडमधील सीओएससी ही संस्था इ.स. १९७३ पासून घड्याळांच्या यंत्रांची चाचणी घेऊन ‘क्रोनोमीटर’ हे प्रमाणपत्र देते. पंधरा दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सियस या तीन तापमानांत यंत्र तपासले जाते. त्याची दैनिक चाल सरासरीने चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्या मर्यादेत असावी लागते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत पाच सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत एकाहूनही कमी. यांत्रिक साधनाच्या दृष्टीने ही कामगिरी थोर आहे. मात्र पंधरा रुपयांच्या घटावर चालणारे साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंदांच्या आत राहते आणि चांगले क्रोनोमीटर तेवढे दोन-चार दिवसांत चुकू शकते.

सीओएससीचे प्रमाणपत्र नव्या यंत्राची पंधरा दिवसांची चाल सांगते. पाच वर्षांनंतर ते यंत्र कसे चालेल, हे सांगण्याचा तिचा दावाही नाही. शिवाय ही चाचणी घड्याळाच्या कवचात बसवण्यापूर्वीच्या यंत्राची असते. ही उणीव भरून काढण्यासाठी काही निर्माते पूर्ण झालेल्या घड्याळाची पुन्हा तपासणी करतात. रोलेक्सने दिवसाला दोन सेकंद मागे-पुढे अशी मर्यादा इ.स. २०१५ मध्ये स्वतःवर घालून घेतली. त्याच वर्षी ओमेगाने स्विस मापनसंस्था मेटास हिच्या देखरेखीखालील प्रमाणीकरण सुरू केले. त्यात घड्याळ १५,००० गाउस तीव्रतेच्या चुंबकीय क्षेत्रातही चालावे लागते.

टिकाऊपणाविषयी ग्राहकाला मिळणारी माहिती याच्या तुलनेत फारच तोकडी आहे. कोणत्या प्रतिकृतीची किती घड्याळे हमीच्या काळात परत आली, याचे आकडे निर्माते प्रसिद्ध करत नाहीत. त्यामुळे हमीचा कालावधी हाच अप्रत्यक्ष पुरावा उरतो. बरीच वर्षे दोन वर्षांची हमी रूढ होती. रोलेक्सने २०१५ मध्ये आणि ओमेगाने २०१८ मध्ये ती पाच वर्षांची केली. काही निर्माते घड्याळाची नोंदणी केल्यास ती आठ वर्षांपर्यंत वाढवतात. आपल्या तेलावर आणि धातूंवर निर्मात्याचा विश्वास वाढला, एवढा अर्थ यातून निघतो. हमीत निर्मितीतील दोष येतात. झीज, धक्का किंवा चावी उघडी राहिल्याने शिरलेले पाणी तीत येत नाही, आणि घड्याळे दुरुस्तीला येण्याची कारणे बहुधा हीच असतात.

बिघाडाची नेहमीची कारणे

तेल सुकण्याखालोखाल पाण्याचा क्रम लागतो. कवचाच्या जोडांत बसवलेल्या रबरी वा तत्सम कड्या काही वर्षांत कडक होतात. तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिलेले असले तरी तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. तेवढ्या खोल पाण्यात बुडी मारण्याची ती परवानगी नव्हे. पाणी आत गेल्यावर पोलादी भाग काही दिवसांत गंजू लागतात. खारे पाणी असेल तर काही तासही पुरतात. काचेच्या आतून दव दिसू लागले की घड्याळ त्याच दिवशी उघडणे इष्ट असते.

धक्क्याने बॅलन्स चक्राचा आस मोडणे हा पूर्वीचा सर्वांत सामान्य बिघाड होता. इ.स. १९३०च्या दशकात इन्काब्लॉकसारखी स्प्रिंगवर बसवलेली माणके आली आणि हा बिघाड पुष्कळ घटला. आज चुंबकत्वाचा त्रास अधिक आढळतो. भ्रमणध्वनीचे कव्हर, ध्वनिक्षेपक, पर्सचे खटके यांतील चुंबकांनी हेअरस्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागते. हे ऐकून मालक घाबरतो, पण उपाय काही मिनिटांचा आणि अल्प खर्चाचा आहे. चुंबकत्व काढण्याचे साधन साध्या घड्याळजीकडेही असते.

मालकाच्या हातून होणाऱ्या चुकांत तारीख बदलण्याची चूक विशेष. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारखेचे चक्र यंत्राशी जोडले गेलेले असते. त्या वेळात चावीने तारीख झटकन पुढे सरकवल्यास अनेक जुन्या व काही नव्या यंत्रांत दाते मोडतात. काटे सहाच्या आसपास आणून मग तारीख बदलली तर हा धोका टळतो.

सिलिकॉनच्या भागांमुळे चित्र काहीसे पालटले आहे. इ.स. २००१ मध्ये युलिस नार्दांच्या ‘फ्रीक’ या घड्याळात एस्केपमेंटसाठी सिलिकॉन वापरले गेले आणि त्यानंतर पाटेक फिलिप, ओमेगा, रोलेक्स इत्यादींनी सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंग आणल्या. सिलिकॉनला चुंबकाची बाधा होत नाही. पण ते ठिसूळ असते. धातूची वाकडी झालेली हेअरस्प्रिंग कसलेला घड्याळजी चिमट्याने सरळ करतो, सिलिकॉनची मोडली तर नवीनच बसवावी लागते आणि ती फक्त निर्मात्याकडे मिळते. विश्वसनीयता वाढली, दुरुस्तीयोग्यता घटली, असा हा सौदा आहे.

किंमत आणि टिकाऊपणा

ईटीए कंपनीचे २८२४ हे स्वयंचलित यंत्र या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. काहीशे फ्रँकच्या घड्याळापासून काही हजार फ्रँकच्या घड्याळापर्यंत तेच यंत्र, कमी-अधिक सफाईने, दशकानुदशके बसवले गेले. त्याचे भाग मुबलक आहेत, त्याची रचना जगभरच्या घड्याळजींना पाठ आहे आणि एकस्वाची मुदत संपल्यावर सेलिटा कंपनीने त्याच धर्तीचे एसडब्ल्यू २०० हे यंत्र काढल्यामुळे पर्यायही उपलब्ध झाला. क्रोनोग्राफ म्हणजे थांबवता-चालवता येणाऱ्या सेकंदकाट्याच्या घड्याळांत हेच स्थान १९७०च्या दशकात आलेल्या वालझू ७७५० या यंत्राचे आहे. ही यंत्रे जाड आहेत, देखणी म्हणता येणार नाहीत, पण जाडपणामुळेच त्यांना थोडी झीज सोसते.

याउलट घड्याळ अतिशय पातळ केले की प्रत्येक भागाची सोसण्याची मर्यादा कमी होते. इ.स. २०२२ मध्ये बुल्गारीने १.८० मिलिमीटर आणि त्याच वर्षी रिशार मिलने १.७५ मिलिमीटर जाडीचे संपूर्ण घड्याळ सादर केले. अभियांत्रिकीचे हे चमत्कारच होत, परंतु रोजच्या वापरासाठी त्यांची शिफारस करणे कठीण आहे. हाताने घासून चकाकवलेल्या कडा, कोरीव नक्षी, मौल्यवान धातूचे कवच यांवर महागड्या घड्याळाच्या किमतीचा मोठा वाटा खर्ची पडतो. या गोष्टींनी घड्याळ सुंदर होते. ते अधिक काळ चालते असे नाही. थोड्या संख्येने बनणाऱ्या यंत्रांतील दोष उघड व्हायलाही वेळ लागतो. लाखोंच्या संख्येने बनलेल्या यंत्रांतील दोष मात्र निर्मात्याने केव्हाच सुधारलेले असतात.

जादा सोयी वाढल्या की भागांची संख्याही वाढते. साध्या तीन काट्यांच्या स्वयंचलित यंत्रात शंभर-दीडशे भाग असतात, क्रोनोग्राफमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. इ.स. २०१५ मध्ये वाशेरॉं कॉन्स्टान्टीनने एका ग्राहकासाठी बनवलेल्या ५७ सोयींच्या खिशातील घड्याळात २,८२६ भाग होते.

दुरुस्तीचा खर्च

पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये घड्याळ संपूर्ण सुटे केले जाते. भाग श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या द्रावणात धुतले जातात, झिजलेले बदलले जातात, पुन्हा जुळणी व तेल दिले जाते, कड्या नव्या बसतात, पाण्याच्या दाबाची चाचणी होते आणि मग काही दिवस घड्याळाची चाल पाहिली जाते. कित्येक तासांचे हे काम कुशल माणसाच्या हातचे असते. स्वित्झर्लंडमधील मजुरीचे दर पाहता खर्चाचा मोठा भाग मजुरीचाच असतो.

निर्मात्याच्या अधिकृत केंद्रात साध्या स्वयंचलित घड्याळाच्या सर्व्हिसिंगला सध्या ढोबळमानाने पाचशे ते हजार फ्रँक पडतात. क्रोनोग्राफला त्याच्या दीडपटीच्या आसपास, आणि शाश्वत दिनदर्शिका, टूर्बियाँ किंवा ठोके देणाऱ्या मिनिट रिपीटरला कित्येक हजार फ्रँक लागतात. अशी गुंतागुंतीची घड्याळे बहुधा मूळ कारखान्यातच पाठवावी लागतात आणि परत यायला महिने लागतात. स्वतंत्र घड्याळजीचा दर बराच कमी असतो, मात्र त्याला भाग मिळाले तर.

दोन सर्व्हिसिंगमधील अंतराविषयी निर्मात्यांचे सल्ले सारखे नाहीत. रोलेक्स सुमारे दहा वर्षे सांगते, ओमेगा पाच ते आठ. उदाहरणादाखल, ५,००० फ्रँकचे साधे घड्याळ दर सहा वर्षांनी ७०० फ्रँक खर्चून सर्व्हिस केले, तर तीस वर्षांत पाच वेळा मिळून ३,५०० फ्रँक होतात. ही रक्कम मूळ किमतीच्या सत्तर टक्के भरते आणि तीत भाववाढ धरलेली नाही. वडिलोपार्जित घड्याळ हाती आलेल्या व्यक्तीला हा हिशेब सर्वांत आधी समजतो, कारण तिला घड्याळ फुकट मिळालेले असते आणि पहिले बिल मात्र रोख द्यावे लागते. जुन्या निनावी वा मध्यम प्रतीच्या घड्याळाच्या बाबतीत तर सर्व्हिसिंगचा खर्च घड्याळाच्या बाजारभावापेक्षा अधिक होणे ही नित्याची गोष्ट आहे.

मजुरी महागण्यामागे इतिहास आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढील दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील रोजगार सुमारे नव्वद हजारांवरून तीस-पस्तीस हजारांवर आला. एक संपूर्ण पिढी या धंद्यात शिरलीच नाही. १९८०च्या दशकानंतर यांत्रिक घड्याळ चैनीची वस्तू म्हणून पुन्हा उभे राहिले तेव्हा ते विकणारे पुष्कळ होते, उघडून नीट बसवणारे थोडे.

सुट्या भागांचा वाद

पूर्वी कोणताही घड्याळजी भागविक्रेत्याकडून मूळ भाग विकत घेऊ शकत असे. १९९०च्या दशकापासून अनेक निर्मात्यांनी हा पुरवठा आवळत नेला आणि भाग केवळ आपल्या केंद्रांना व मान्यताप्राप्त दुरुस्तीकारांना देण्याचे धोरण स्वीकारले. मान्यता मिळवण्यासाठी ठरावीक यंत्रसामग्री घ्यावी लागते, तीही बऱ्याचदा प्रत्येक निर्मात्याची वेगळी. एकट्याने दुकान चालवणाऱ्याला हे परवडत नाही.

युरोपातील स्वतंत्र दुरुस्तीकारांच्या संघटनांच्या महासंघाने याविरुद्ध इ.स. २००४ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने २००८ मध्ये ती फेटाळली. डिसेंबर २०१० मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द ठरवला, तेव्हा दुरुस्तीकारांना आशा वाटली. आयोगाने फेरचौकशी केली, परंतु २०१४ मध्ये पुन्हा तक्रार नाकारली आणि या वेळी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. दुरुस्तीची गुणवत्ता राखणे आणि बनावट भागांना आळा घालणे ही निर्मात्यांची कारणे ग्राह्य धरली गेली. दरम्यान २०१५च्या अखेरीस स्वॉच समूहाने ब्रिटनमधील मोठ्या भागविक्रेत्यांचा पुरवठा थांबवला होता.

निर्मात्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अडाणी हातांनी बिघडवलेल्या घड्याळांचा दोष लोक घड्याळावरच टाकतात. पण परिणाम असा की तीन पिढ्या टिकेल म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूची दुरुस्ती कोणत्या दराने व्हायची हे ठरवणारा पक्ष एकच उरतो. २००४ ते २०१७ या काळात त्या दराच्या रास्तपणाचा प्रश्न तेरा वर्षे चर्चेत राहून अनुत्तरितच राहिला.

जुनी घड्याळे आणि मुंबई

संग्राहकांच्या दृष्टीने दुरुस्तीचा आणखी एक धोका आहे. अधिकृत केंद्र घड्याळ नव्यासारखे करून देण्याच्या हेतूने जुनी तबकडी व काटे बदलते, कवच घासते. कवचाच्या कडा एकदा घासल्या गेल्या की त्या परत येत नाहीत आणि मूळ तबकडी गेली तर जुन्या घड्याळाचे मोल मोठ्या प्रमाणात उतरते. म्हणून अशा घड्याळाचा मालक ‘कवच घासू नये, बदललेले भाग परत द्यावेत’ असे लेखी सांगतो. सर्वच केंद्रे हे मान्य करत नाहीत.

मुंबईचा स्विस घड्याळांशी संबंध जुना आहे. फाव्र-लूबा कंपनीने इ.स. १८६५ मध्ये मुंबईत बस्तान बसवले, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीचा जन्मच मुंबईतील स्विस व्यापारी पेढीतून झाला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. इ.स. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरूत घड्याळे बनवण्यास आरंभ केला, तरी जुन्या स्विस घड्याळांचे भाग दुर्मिळच राहिले. घड्याळजींनी मग एका बंद घड्याळाचे भाग दुसऱ्याला लावून, जीर्ण तबकड्या पुन्हा रंगवून घड्याळे चालती ठेवली. गरजेपोटी निर्माण झालेले हे कौशल्य होते. हीच घड्याळे पुढे परदेशी ग्राहकांना विकली जाऊ लागली आणि ‘मुंबई स्पेशल’ हे काहीसे हेटाळणीचे नाव संग्राहकांत रूढ झाले. भडक रंगाची, ताजी दिसणारी तबकडी, किंचित वाकडी अक्षरे, यंत्राच्या काळाशी न जुळणारे कवच ही त्यांची ओळख. किंमत थोडी असल्याने खरेदीदाराला ते स्वस्त वाटते. घड्याळ चालतेही. पण ते अधिकृत केंद्रात नेल्यास केंद्र बाहेरचे भाग काढून मूळ भाग बसवण्याची अट घालते अथवा घड्याळ तसेच परत करते. अशा वेळी ते पुन्हा फुटपाथवरच्या किंवा गल्लीतल्या घड्याळजीकडेच येते आणि जुन्या डब्यांत जुळणारे चक्र सापडले तर दुरुस्त होते.